मोह सोडायचाय, देवाजवळ जायचंय, पण करायचं काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न मला लोक सारखे विचारतात, कधी सत्संग संपल्यावर दारात उभं राहून, कधी रात्री अकरा वाजता मेसेज टाकून, आणि प्रत्येकाला वेगळं टाइप करून करून बोटं दुखायला लागली म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. मी कोणी महाराज नाही, नोकरी-संसार सांभाळून नाम घेणारा माणूस आहे, त्यामुळे उत्तरं पण तशीच आहेत. क्रम वगैरे काही नाही, तुमचा प्रश्न शोधा आणि तेवढं वाचा.

मोह सोडायचा म्हणजे घरदार सोडून जायचं का?

नाही. हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो आणि विचारणाऱ्याच्या आवाजात अर्धी भीती असते अर्धी आशा असते (आशा कसली ते ज्याने त्याने बघावं, घरात कटकट चालू असली की संन्यास फार गोड वाटतो). समर्थांनी दासबोधात स्पष्टच सांगून टाकलंय, आधी प्रपंच करावा नेटका, मग घ्यावे परमार्थ विवेका. आणि पुढच्याच ओवीत, प्रपंच सांडून परमार्थ कराल तर कष्टी व्हाल. आणि हे सांगणारा माणूस स्वतः लग्नाच्या बोहल्यावरून निघून गेलेला, म्हणजे त्याला दोन्ही बाजू माहिती होत्या असं धरायला हरकत नाही.

एकनाथ महाराज गृहस्थ. त्यांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीचे किल्लेदार, म्हणजे आजच्या भाषेत फुल टाइम जबाबदारीची नोकरी, हिशेब, शिबंदी, वरिष्ठांची मर्जी, सगळं आलं. सावता माळी शेवटपर्यंत मळ्यात राबले. यांच्यापैकी कोणी म्हटलं नाही की आधी राजीनामा देतो आणि मग देवाकडे बघतो.

उलट बाजू बघायची असेल तर भागवताच्या पाचव्या स्कंधातली भरत राजाची गोष्ट वाचा. राज्य सोडलं, मुलंबाळं सोडली, गंडकीच्या काठी एकटा राहिला. सिंहाच्या डरकाळीने घाबरलेल्या गाभण हरिणीने नदीत उडी मारली, पाडस पाण्यात पडलं, आई मेली, आणि भरताने ते पाडस उचलून आश्रमात आणलं. मग त्याला चारा, मग त्याला वाघ-लांडगा खाईल म्हणून राखण, मग ते दिसेना झालं की पूजा अर्धी टाकून शोधाशोध. शेवटी मरताना डोळ्यासमोर देव नाही, हरिण. आणि पुढचा जन्म हरणाचा. म्हणजे अख्खं राज्य सोडलेला माणूस एका पाडसात अडकला.

यावर लोक लगेच विचारतात, म्हणजे पाडस मरू द्यायचं होतं का? अजिबात नाही, ते उचललं ते बरोबरच केलं. गोष्टीत बारीक बघितलं तर चूक दुसरीकडे आहे, त्याचे रोजचे नेम एकेक करून सुटत गेले आणि त्याला ते कळलंच नाही. करुणा ठेवायची होती आणि नेम पण ठेवायचा होता.

मग सोडायचं नेमकं काय?

पकड. वस्तू नाही, माणूस नाही, "हे माझं आहे आणि हे असंच राहिलं पाहिजे" ही जी आतली मूठ आवळलेली असते ती.

ही ओळखायची कशी ते सांगतो. जपाला बसा. माळ हातात आहे, अंगठा एकेक मणी पुढे ढकलतोय, ओठ हलतायत, आणि शेजारी उपडा ठेवलेला फोन एकदा थरथरला. बघितलाही नाहीत तुम्ही, शहाण्यासारखे बसून राहिलात. पण पुढचे पंधरा-वीस मणी कुठे गेले? कोणाचा असेल, त्या कामाचाच असेल, सकाळी मी जरा जास्तच बोललो का त्याला, आता त्याने काय लिहिलं असेल, मी काय उत्तर देऊ. मेरूमणी (माळेच्या टोकाचा मोठा मणी) बोटाला लागतो तेव्हा जाग येते. फोन सोडलेला होता, हात तर माळेवरच होता, पकड मात्र तिकडे. ज्या दिशेला मन न विचारता पळतं तिथे तुमचा मोह आहे. मला वाटतं जपाचा हा एक मोठा फायदा कोणी सांगत नाही, जप नीट झाला नाही तरी काय काय अडकलंय त्याची यादी फुकट मिळते.

दुसरी खूण, कोणी नाही म्हटल्यावर किती जळलं ते बघा. साधं वाईट वाटणं वेगळं, ते येणारच, माणूस आहोत. पण तीन दिवस तेच डोक्यात फिरतंय, झोपताना त्याच माणसाशी मनातल्या मनात भांडण चालू आहे, म्हणजे तिथे आपलं काहीतरी गहाण पडलेलं आहे.

मोह तयार कसा होतो? मला तर काही नको असतं आणि अचानक हवं होतं.

अचानक नाही होत. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात 62 आणि 63 या दोन श्लोकांत पूर्ण साखळी दिली आहे. एखाद्या विषयाचं चिंतन करत राहिलं की त्याचा संग जडतो, संगातून इच्छा, इच्छा अडली की राग, रागातून संमोह, मग स्मृती जाते, मग बुद्धी जाते आणि मग माणूसच जातो. आता यात गंमत बघा, आपण सगळे लढतो ते रागाच्या पायरीवर, नाहीतर इच्छेच्या. एवढं जोरात हवंसं झाल्यावर आता मी संयम ठेवतो म्हणतो आणि हरतो, आणि मग स्वतःला शिव्या देतो.

पहिली पायरी चिंतनाची आहे आणि तिथे खरंच फार कमी ताकद लागते. ऑनलाइन एखादी वस्तू दिसली, एकदा बघितली, ठीक. रात्री परत उघडून बघितली, रिव्ह्यू वाचले, कोणत्या रंगात घ्यावी याचा विचार केला, मैत्रिणीला फोटो पाठवला, तिने छान आहे म्हटलं, इथपर्यंत एक रुपया खर्च झालेला नाही पण वस्तू मनात घरात येऊन बसलेली आहे. आता ती नाही घेतली तर काहीतरी काढून घेतल्यासारखं वाटणार. दुसऱ्यांदा उघडून बघण्याच्या जागी थांबणं सोपं होतं. माणसांच्या बाबतीत, अपमानाच्या बाबतीत, दुसऱ्याच्या प्रमोशनच्या बाबतीत पण हेच, उगाळत बसणं थांबवा, पुढचं बरंचसं होतच नाही.

आधी मोह सोडायचा की आधी देव धरायचा?

हा खरा प्रश्न आहे आणि याचं उत्तर चुकलं की वर्षानुवर्षं फुकट जातात असं माझं मत आहे, त्यामुळे जरा लांबण लागेल.

बहुतेक लोकांचा समज असा की आधी मन पूर्ण रिकामं करायचं, सगळ्या इच्छा काढून टाकायच्या, आणि मग त्या स्वच्छ मनात देव येईल. ऐकायला बरोबर वाटतं. पण करून बघा. हे नको ते नको म्हणत बसलं की दिवसभर डोक्यात तेच ते असतं जे नको आहे. उपास धरला की कधी नव्हे ते खाण्याचेच विचार, तसं. गीता 2.59 मध्ये हेच आहे, विषय तोडले तर विषय दूर होतात पण त्यांची गोडी आत तशीच राहते, ती गोडी जाते ती परतत्त्व, म्हणजे देवच, बघितल्यावर. म्हणजे जास्त गोड काहीतरी मिळाल्याशिवाय कमी गोड सुटत नाही. लहान मुलाच्या हातातून कात्री ओढली तर ते घट्ट धरतं आणि कापून घेतं, दुसरं काही दाखवलं की आपोआप सोडतं, हे कोणत्याही आईला माहिती असतं.

म्हणून माझं सांगणं असं की सोडण्यावर कमी जोर द्या आणि धरण्यावर जास्त. नाम धरा, वाचन धरा, कीर्तन धरा, कोणाची तरी सेवा धरा, जे तुम्हाला ओढून घेईल ते. एकनाथांचीच गोष्ट सांगतात, जनार्दनस्वामींच्या हिशेबात एका पैची चूक लागत होती म्हणून नाथ रात्रभर वह्या घेऊन बसले आणि पहाटे ती चूक सापडली तेव्हा आनंदाने टाळी वाजवली. स्वामी जागे होऊन बघतायत, आणि म्हणाले, एका पैच्या चुकीसाठी एवढा आनंद, संसाराची केवढी मोठी चूक सापडली तर किती होईल. हेच लक्ष तिकडे लाव. मला या गोष्टीत काय आवडतं तर स्वामींनी हिशेब टाक असं म्हटलं नाही. रात्रभर झोप-भूक विसरून बसायची ताकद या पोराकडे आहे हे त्यांनी ओळखलं आणि तिला दिशा दिली. तुमच्याकडे पण ती ताकद आहे, सिरीजचे आठ भाग एका बैठकीत बघता तेव्हा ती दिसतेच.

अर्थात याचा अर्थ असाही नाही की काहीच सोडायचं नाही आणि नुसतं नाम घ्यायचं, एका बाजूने भरायचं आणि दुसऱ्या बाजूने भोक पाडून ठेवायचं. दोन्ही लागतं. गीतेत मन आवरायला अभ्यास आणि वैराग्य असे दोन उपाय एका दमात सांगितलेत, पतंजलींनी पण तेच दोन सांगितलेत, आणि दोन्हीकडे अभ्यास आधी आहे. यावर मला पंडिती वाद घालायचा नाही पण मला तो क्रम पटतो.

रोज काय करायचं ते सांगा, तत्त्वज्ञान नको.

बरं. एक वेळ ठरवा, छोटीच, पण मोडायची नाही. तासभर बसून तीन दिवसात बंद पडण्यापेक्षा रोज दहा मिनिटं बसलेलं चांगलं. फोन दुसऱ्या खोलीत.

हवंसं वाटणं आणि घेणं यात अंतर ठेवा. गरजेचं सोडून जे काही हवंसं वाटेल ते आठवडाभर घ्यायचं नाही एवढाच नियम. आठवड्याने निम्म्या गोष्टी आठवत पण नाहीत. जैन गृहस्थांमध्ये परिग्रह-परिमाणाचं व्रत असतं, म्हणजे मी एवढंच ठेवणार, याच्या वर नाही, ही मर्यादा आधीच स्वतःला घालून घ्यायची. मला हे फार व्यवहारी वाटतं, कारण सगळं सोड म्हटलं की आपण काहीच सोडत नाही, पण चपलांचे किती जोड ठेवायचे हे ठरवता येतं.

द्यायचं असेल तर जरा टोचेल असं द्या. जुने कपडे देणं म्हणजे कपाट रिकामं करणं आहे, चांगलं काम आहे पण त्याला दान म्हणून मनात मिरवू नका. आणि दिल्यावर सांगायचं नाही, घरात पण नाही. हे न सांगणं किती अवघड जातं ते करून बघितल्याशिवाय कळत नाही, जीभ अक्षरशः वळवळते.

रात्री पाच मिनिटं दिवस मागे फिरवून बघा, कुठे चिकटलो, कुठे चिडलो, कुठे देव आठवला. ख्रिस्ती परंपरेत इग्नेशियस लोयोला यांनी सोळाव्या शतकात हा सराव शिकवला आणि त्यांचे अनुयायी आजही दिवसातून दोनदा करतात. वही लागत नाही. स्वतःला झोडपायला बसू नका मात्र, नुसतं बघायचं.

मुलांवरचं प्रेम कमी करायचं का? ते जमणार नाही.

कमी करू नका. रामकृष्ण परमहंस मोलकरणीचं उदाहरण द्यायचे, श्रीमंताच्या घरात काम करते, मालकाच्या मुलांना माझा राम माझा हरी म्हणत जीव लावून वाढवते, पण आत पक्कं माहिती असतं की आपलं घर इथे नाही. तिच्या करण्यात काही कमी नसतं. तसं.

प्रेम आणि मोह यातला फरक साध्या प्रसंगात दिसतो. पोराला कमी मार्क पडले. पोटात पहिलं काय आलं? त्याला किती वाईट वाटत असेल हे आलं की आता लोकांना काय सांगू हे आलं? दोन्ही येतात हो, लाजायचं कारण नाही, पण दुसरं जे आहे ते मुलाबद्दल नाहीच, ते आपल्याबद्दल आहे. मुलगा आपल्या मनासारखा वागला तरच गोड लागणार असेल तर आपण त्याच्यावर नाही, आपल्या मनातल्या चित्रावर प्रेम करतोय. ते चित्र सोडा. गंमत म्हणजे ते सुटलं की मुलं जवळ येतात, आणि त्यासाठी कोणी सोडायचं नाही, नाहीतर तो पण एक सौदाच झाला.

लग्न झालेल्या मुलाचा संसार रोज फोनवरून चालवणाऱ्यांनी हे उत्तर दोनदा वाचावं.

पैसा वाईट आहे का? भरपूर कमवायची इच्छा असेल तर देव मिळणार नाही का?

तुकोबांचं सरळ आहे, जोडोनिया धन उत्तम वेव्हारे, उदास विचारे वेच करी. कमवा, सरळ मार्गाने कमवा, आणि खर्च करताना त्याच्यात जीव अडकवू नका. यात गरीब राहा असं कुठे नाहीये. आणि हे लिहिणारा माणूस सावकारी करणाऱ्या घरातला, 1630 च्या सुमाराच्या दुष्काळात घरची माणसं गमावलेला. त्यांनी पुढे काय केलं तर लोकांकडून येणं असलेल्या कर्जाच्या कागदांची वाटणी केली, भावाच्या हिश्श्याचे कागद भावाला दिले आणि फक्त स्वतःचे इंद्रायणीत बुडवले. ही भावाचे बाजूला काढण्याची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. आपला त्याग आपल्या वाट्याचा. बायको-मुलांच्या, भावाच्या, म्हाताऱ्या आईवडिलांच्या वाट्याचं आपण परस्पर देवाला द्यायचं नसतं. ईएमआय चालू आहे, मुलीची फी भरायची आहे आणि साहेबांनी विरक्ती आली म्हणून नोकरी सोडली, याला त्याग नाही म्हणत, भार दुसऱ्यावर टाकणं म्हणतात.

सूफी लोक म्हणतात दुनिया हातात असू दे, मनात नको. तेच.

"ठेविले अनंते तैसेचि राहावे" म्हणजे प्रयत्नच करायचे नाहीत ना?

हे वाक्य आळशी लोकांनी पळवलंय. पुढचा भाग चित्ती असू द्यावे समाधान असा आहे, हात बांधून बसावे असा नाही. आजारी असाल तर औषध घ्या, अन्याय होत असेल तर बोला, इंटरव्ह्यूची तयारी करा. निकाल लागल्यावर जे येईल त्याच्याशी भांडत बसू नका, एवढंच.

मला हल्ली कशातच रस वाटत नाही. हे वैराग्य आहे का?

कदाचित नसेल, आणि हे उत्तर कृपया नीट वाचा. वैराग्यात माणूस हलका होतो. इतरांबद्दल माया वाढते, कामं नीट होतात, झोप लागते, हसू येतं. याउलट आठवडेच्या आठवडे काही खावंसं वाटत नाहीये, झोप उडालीये किंवा नुसती झोपच येतेय, आंघोळ करायचा पण कंटाळा, लोकांना भेटणं नको, आपण निरुपयोगी आहोत असं वाटतंय, देवाचं नाव पण नकोसं झालंय, तर ते डिप्रेशन असू शकतं आणि त्याला डॉक्टर लागतो. मरणाचे विचार येत असतील तर आजच कोणाला तरी सांगा आणि आजच डॉक्टरकडे जा, जप नंतर. औषध घेतल्याने भक्ती कमी होत नाही. असं म्हणणारे लोक भेटतील तुम्हाला, त्यांना चष्मा लागलाय का विचारा.

कोणी गेलं की, किंवा ब्रेकअप झालं की, सगळं सोडावंसं वाटतं. तेव्हाच निर्णय घ्यावा का?

नको. याला आपल्याकडे स्मशानवैराग्य म्हणतात आणि ते घरी येऊन आंघोळ करेपर्यंत टिकतं असं म्हातारी माणसं सांगतात. चेष्टा बाजूला ठेवू, त्या वेळचं दुःख खोटं नसतं, आणि कितीतरी लोक देवाकडे वळतात ते अशाच धक्क्याने, त्यामुळे त्या वेळी नाम सुरू करा, जरूर करा. फक्त घर विकणे, नोकरी सोडणे, दीक्षा घेणे असले परत न फिरवता येणारे निर्णय वर्षभर तरी पुढे ढकला. वर्षाने पण तेच वाटलं तर मग विचार करू. खरी ओढ असेल तर वर्षभरात मरत नाही.

आणि प्रेमभंगातून आलेला परमार्थ असेल तर एक तपासा, तुम्ही देवाकडे जाताय की त्या माणसाला दाखवायला जाताय.

गेलेल्या माणसाच्या वस्तू टाकवत नाहीत. हा मोहच ना?

असेल. राहू द्या थोडे दिवस, घाई काय आहे.

माझ्या ओळखीतल्या एक आजी आहेत, आजोबा गेल्यावर त्यांचे सगळे शर्ट त्यांनी कपाटात तसेच ठेवले होते, हँगरला, इस्त्री केलेले. मुलं म्हणायची देऊन टाक, आजी ऐकायच्या नाहीत. मग एक दिवस त्यांनी स्वतःच सगळे बाहेर काढले, बसून प्रत्येकाची बटणं तपासली, एकाचं बटण तुटलं होतं ते त्याच रंगाच्या दोऱ्याने लावलं, घड्या घातल्या, खिसे उलटे करून बघितले, एका खिशात बसचं जुनं तिकीट निघालं ते थोडा वेळ हातात धरलं. आणि मग पिशवी भरून सुनेला म्हणाल्या, ज्याला होतील त्याला दे, बटणं सगळी जागेवर आहेत. एक स्वेटर ठेवला, थंडीत स्वतः घालतात. रडल्या का तर हो रडल्या. मला विचाराल तर मोह सोडणं असं दिसतं, बटण लावून देणं. उचलून फेकून देणं म्हणजे बऱ्याच वेळा दुःखाकडे बघायचं टाळणं असतं.

आमचे महाराज म्हणतात मोह सोडायचा तर सगळं आश्रमाच्या नावावर करा. काय करू?

सही करू नका. घरच्यांना आणि वकिलाला दाखवल्याशिवाय कोणत्याही कागदावर सही करू नका, मग समोर कोणीही असो. तुमचा मोह सुटावा अशी एवढी तळमळ असलेल्या माणसाला तुमच्याच प्लॉटचा मोह कसा झाला हे विचारायला हरकत नाही. देणगी द्यायची तर द्या, पावती घ्या, झेपेल तेवढी द्या. जो गुरू घरच्यांशी बोलणं तोडायला सांगतो, हिशेब विचारला की श्रद्धा कमी आहे म्हणतो, तिथून निघा. यावर जास्त लिहायची गरज नाही.

बाकी बरंच सुटलं, पण "मी सोडलं" हे काही सुटत नाही.

अभिनंदन, तुम्हाला ते दिसलं तरी. बऱ्याच जणांना दिसत पण नाही.

पैसा-कपडे सुटणं तुलनेने सोपं, मान सुटणं महाकठीण. साधे पांढरे कपडे घालायला लागलो की सगळ्यांनी ते बघावेत असं वाटतं. लग्नाच्या पंक्तीत मी हे घेत नाही म्हणताना आवाज किंचित मोठा होतो. इतरांचे महागडे फोन बघून मनात येतं, बिचारे, कशात अडकलेत. हा जो बिचारे म्हणणारा आहे ना तो आधीच्या सगळ्या मोहांपेक्षा धष्टपुष्ट असतो कारण त्याला रोज धार्मिक खुराक मिळतो.

साधनेतल्या अनुभवांचं पण असंच. एक दिवस जपात फार छान वाटलं, डोळ्यात पाणी आलं, मग दुसऱ्या दिवशी ते परत यावं म्हणून बसायचं, नाही आलं की हिरमोड, देव रागावला का वगैरे. देव नको, ते वाटणं हवं, असं झालं ते. आठव्या शतकातल्या सूफी संत राबिया बसरी यांची प्रार्थना प्रसिद्ध आहे, नरकाच्या भीतीने मी तुझी भक्ती करत असेन तर मला नरकात जाळ, स्वर्गाच्या आशेने करत असेन तर स्वर्ग बंद कर, पण तुझ्यासाठीच करत असेन तर तुझं दर्शन रोखू नकोस. एवढं आपल्याला जमेल न जमेल, पण मोजपट्टी कुठपर्यंत जाते ते कळतं.

उपाय विचाराल तर एकच कामाचा सापडलाय, अशी सेवा शोधा जिथे कोणी तुम्हाला ओळखत नाही आणि थँक्यू म्हणणार नाही. सत्संगाच्या स्टेजवरचं निवेदन सोडून मागची भांडी घासा. आणि भांडी घासतानाचा फोटो टाकू नका.

घरचे म्हणतात हा हल्ली विचित्र वागतो, पार्टीला येत नाही, काही बोलत नाही. काय करावं?

घरच्यांचं थोडं ऐका. भक्ती वाढली आणि घरात धुसफूस पण वाढली तर काहीतरी बिनसलंय. बायको बोलतेय आणि तुम्ही डोळे मिटून माळ ओढताय, हे बरं नाही दिसत हो, ती देवाशीच भांडायला लागेल. जिथे गेल्याने तुमचा काही ऱ्हास होत नाही तिथे जा, हसा, नाचा सुद्धा. जिथे खरंच नको वाटतं तिथे शांतपणे नाही म्हणा, प्रवचन न देता. दुसऱ्यांना मोह सोडायला लावणं हा तुमचा विषय नाही.

इतर धर्मात पण हेच आहे का?

जवळपास. तेराव्या शतकाच्या सुरुवातीला असिसीच्या फ्रान्सिसने बिशपसमोर अंगावरचे कपडे सुद्धा काढून श्रीमंत कापडव्यापारी बापाला परत दिले, इस्लाममध्ये झुहद (दुनियेच्या हव्यासापासून दूर राहणं) आहे, योगात अपरिग्रह (गरजेपेक्षा जास्त न साठवणं) आहे. पद्धती वेगळ्या, पण सगळीकडे मोठा धोका एकच सांगितलाय, बाहेरून सोडलेलं आतून धरून ठेवणं. गीता 3.6 मध्ये तर अशा माणसाला सरळ मिथ्याचारी, म्हणजे ढोंगी, म्हटलंय.

प्रगती होतेय हे कसं कळणार?

स्वप्नं, प्रकाश, नाद यावरून नाही. शिव्या खाल्ल्यावर पूर्वी आठवडा लागायचा सावरायला, आता दोन दिवस लागतात, यावरून. दुसऱ्याचं चांगलं झालं की आतून खरंच बरं वाटतं का, यावरून. आणि तुमच्यापेक्षा घरातल्यांना ते आधी कळतं, विचारायची हिंमत असेल तर विचारा.

तोच तोच मोह परत येतो. वर्षानुवर्षं झाली.

येऊ दे. अर्जुनाने पण हेच म्हटलं होतं की मन वाऱ्यासारखं आहे, आवरत नाही, आणि कृष्णाने त्याला तू चुकतोयस असं म्हटलं नाही, खरंय म्हणाला, अवघड आहे, पण अभ्यासाने आणि वैराग्याने जमतं. परत आलेला मोह म्हणजे हरलो असं धरायचं नाही, किती वेळात लक्षात आलं तेवढं बघायचं. काही मोह मरेपर्यंत जाणार नाहीत असं धरून चाला, त्यांच्यासकट नाम घ्या. स्वतः आधी शुद्ध होतो आणि मग तुझ्याकडे येतो असं म्हणत बसणारा माणूस दारातच उभा राहतो.

रिटायर झाल्यावर सुरू केलं तर चालणार नाही का? आत्ता वेळच नाही.

चालेल की, देव काही वयाची अट घालत नाही. पण रिटायर झालेल्यांना विचारून बघा, वेळ मिळतो आणि मन तोपर्यंत आपल्या वळणाने घट्ट झालेलं असतं, चाळीस वर्षं फाइली आणि भावकीचे वाद घोळवलेलं मन पासष्टाव्या वर्षी माळ हातात दिली म्हणून एकदम विठ्ठल विठ्ठल करत नाही, ते भावकीचेच वाद घोळवतं, फक्त आता दिवसभर. गीतेच्या आठव्या अध्यायात शेवटी जे आठवतं तिकडे माणूस जातो असं सांगून लगेच पुढच्या श्लोकात कृष्ण काय म्हणतो तर म्हणून सगळ्या काळी माझं स्मरण कर, आणि लढ. युद्ध संपल्यावर स्मरण कर असं म्हणत नाही. आणि वेळ नाही म्हणताय तर ट्रॅफिकमध्ये, लिफ्टमध्ये, डाउनलोड होईपर्यंत, मीटिंगला बाकीचे जॉइन होईपर्यंत तुम्ही काय करता? तेवढ्यात नाम घ्या, सुरुवातीला तेवढं पुरे आहे.